मोडका झुला आणि नगराचे दप्तर

गडचांदूर हे गाव दोन गोष्टींच्या सान्निध्यात वाढले. एक, माणिकगडाच्या डोंगरांवरील अरण्य, आणि दुसरी, त्याच मुलखाच्या भूगर्भातील चुनखडी. अरण्याच्या आधाराने होते तोवर गाव लहान होते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात चुनखडीच्या मागोमाग सिमेंटचे कारखाने आले, कारखान्यांच्या मागोमाग भिंतीआडच्या वसाहती आल्या, आणि त्या वसाहतींत कोरपना तालुक्याच्या कापूस पिकविणाऱ्या काळ्या मातीला सर्वस्वी अपरिचित अशी एक वस्तू आली: जीत कोणी काही पिकवीत नाही, कोणी गुरे बांधीत नाही, केवळ संध्याकाळी जाऊन बसावे एवढ्यासाठीच राखलेली बाग. भिंतीबाहेरचे गाव मागाहून फोफावले, गेल्या दशकात ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, शेतांचे लेआऊट पडले, आणि प्रत्येक लेआऊटच्या नकाशावर हिरव्या रंगाचा एकेक चौकोन उमटला. असल्या चौकोनांपैकी काहींत पुढे लोखंडी फाटक, मेंदीचे कुंपण, दोन झुले आणि एक घसरपट्टी येते, आणि काहींत बाभूळ व गाजरगवत निर्वेधपणे वाढत राहते. सिमेंटची धूळ भिंतीच्या आतल्या आणि बाहेरल्या पानांवर सारखीच बसते. परंतु आतल्या बागेत पाण्याची नळी फुटली तर सकाळी ती माळ्याच्या नजरेस पडते आणि दुपारपर्यंत कोणीतरी ती सांधून टाकतो, बाहेरच्या बागेत ती फुटली तर फुटल्याचे सर्वांना ठाऊक असते आणि सांगायचे कोणाला, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

सांगायचे कोणाला, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, आणि अलीकडे तर तो सुटला आहे असे मानण्याचीच पद्धत पडली आहे. कारण हातातल्या मोबाइलवर छायाचित्र काढावे, बोटाने एक कळ दाबावी, की फिर्याद सरकारदरबारी रुजू झाली, असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या एकंदर प्रश्नाचा, म्हणजे नगरातील बागांमधील कचरा आणि मोडतोड यांची वर्दी कशी दिली जाते, ती कोठे पोचते, कोठे अडते आणि का अडते याचा, आढावा घेण्याचा विचार आहे. तो घेताना वारंवार गडचांदुराकडे वळावे लागेल, कारण मुंबई-पुण्याच्या बागांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि लहान गावांच्या बागांचे दुखणे मोठ्या शहरांच्या दुखण्याची नुसती धाकटी आवृत्ती असते असा जो समज आहे, तो मला बरोबर वाटत नाही.

बागेसंबंधीच्या गाऱ्हाण्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बराच घोटाळा होतो. कचरा हा रोजचा असतो; तो आज उचलला तरी उद्या पुन्हा पडतो, म्हणून त्याचा इलाज नेमाचा असावा लागतो. मोडतोड ही नैमित्तिक असते; झुल्याची साखळी वर्षातून एकदाच तुटते, परंतु तिच्यासाठी वेल्डिंगवाला लागतो, सामानाची खरेदी लागते, आणि खरेदी आली की मंजुरी आली. पहिल्या वर्गाचे काम स्वच्छता विभागाच्या मुकादमाकडे, दुसऱ्याचे बांधकाम विभागाकडे, दिवा गेला तर विद्युत विभागाकडे, बोअरची मोटर जळली तर पाणीपुरवठ्याकडे. मोठ्या महानगरपालिकांत उद्यान अधीक्षक नावाचा एक स्वतंत्र अधिकारी असतो आणि त्याच्या नावावर निदान बोट तरी रोखता येते. लहान नगरपरिषदांत बहुधा असे खातेच नसते, आणि मग एका बागेचे चार तुकडे चार मेजांवर जाऊन पडतात.

आमच्या भागातील कचऱ्याविषयी लिहायचे म्हणजे प्रथम खर्ऱ्याविषयी लिहिले पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर जो घोटला जातो, आणि त्याच तुकड्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो, तो खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जीवनात इतका मुरलेला आहे की पाहुण्याला पाण्याआधी तो पुढे करणारी घरे मी पाहिली आहेत. खर्रा तोंडात जातो आणि पन्नी हातात उरते. ही पन्नी म्हणजे कचऱ्याची एक अद्भुत जात आहे. ती इतकी हलकी की झाडूने पुढे सरकत नाही, वाऱ्याने मात्र उडते, मेंदीच्या काटक्यांत अडकते, गवताच्या मुळाशी रुतते, आणि तिला काहीच मोल नसल्यामुळे भंगार वेचणारीही तिच्याकडे पाहत नाही. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल यांवर बंदीची अधिसूचना काढली, पहिल्या अपराधाला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि कैद असा चढता दंड ठरविला. आणि तरी मेंदीच्या कुंपणाला पन्न्यांची पालवी फुटलेलीच आहे. दंडाचा धाक वस्तूच्या आकाराबरोबर कमी होत जातो, असे दिसते. गाडीभर कचरा ओतणाऱ्याला एखादा हटकील; दोन बोटांतून सुटलेल्या पन्नीसाठी कोण कोणाला हटकणार?

दंडाची कल्पना मात्र फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक या अधिकाऱ्याची, म्हणजे नगरप्रमुखाची, कर्तव्ये सांगताना रस्त्यावर धूळकचरा टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा, चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्यास चौथा हिस्सा, आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट, असा दंड सांगितला आहे. त्याहून आपल्या विषयाला जवळची गोष्ट म्हणजे त्याच ग्रंथात नगरोपवनातील फुलाफळांच्या आणि सावली देणाऱ्या झाडांची कोवळी डहाळी तोडल्यास सहा पण, लहान फांदी तोडल्यास बारा, आणि मोठी फांदी तोडल्यास चोवीस पण अशी चढती श्रेणी दिलेली आढळते. रस्त्यावरच्या कचऱ्याला पणाचा अंश आणि बागेतल्या डहाळीला सहा पण, हे प्रमाण मोठे बोलके आहे. त्या काळच्या नगररचनाकाराच्या मते केर झाडता येतो, झाड परत लावता येत नाही.

आपल्या आजच्या कायद्यांनी हे प्रमाण बरोबर उलटे केले आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदा ज्या १९६५च्या अधिनियमाखाली चालतात, त्यात नगरपरिषदेची कर्तव्ये दोन प्रकारची मानली आहेत. आवश्यक आणि स्वेच्छाधीन. रस्ते झाडणे, दिवे लावणे, मैला वाहून नेणे ही आवश्यक कर्तव्ये; सार्वजनिक बागा, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये ही स्वेच्छाधीन. ही विभागणी इंग्रजी अमदानीतल्या १९०१च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमापासून चालत आलेली आहे, आणि महानगरपालिकांच्या १९४९च्या अधिनियमातही ती तशीच आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ साली बारावी अनुसूची अंमलात आणली आणि तिच्यातील बाराव्या नोंदीत उद्याने, बगीचे व क्रीडांगणे या नागरी सोयींचा उल्लेख केला, हे खरे. परंतु अनुसूचीतील नोंद ही काय सोपवता येईल याची यादी आहे, काय केलेच पाहिजे याचा हुकूम नव्हे. या बारकाव्याचा व्यवहारातला परिणाम मोठा होतो. रस्ता झाडला नाही अशी फिर्याद नागरिक करतो तेव्हा तो हक्क मागत असतो. बागेतला झुला मोडला अशी फिर्याद करतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो मेहेरबानीची विनंती करीत असतो, आणि ही गोष्ट अर्जदाराला ठाऊक नसली तरी मेजापलीकडच्या कारकुनाला पक्की ठाऊक असते.

एका झुल्याची साखळी तुटली आहे असे समजू, आणि त्या अर्जाच्या मागोमाग चालत जाऊ. अर्ज साध्या कागदावर लिहिला, ‘प्रति, मा. मुख्याधिकारी’ हे शब्द घातले. बारनिशीत दिला, कारकुनाने आवक क्रमांक टाकून पोच दिली. येथवर सर्व सुरळीत आहे, आणि मी तर म्हणेन की आपल्या कचेऱ्यांत बारनिशीइतकी प्रामाणिक जागा दुसरी नसेल. तेथे निदान तारीख खरी पडते. तेथून अर्ज बांधकाम विभागात गेला. तेथे पहिला प्रश्न निघतो तो झुल्याचा नाही, जागेचा. ही जागा आपल्या ताब्यात आहे काय? शेताचा लेआऊट पाडताना काही भाग मोकळा सोडावा लागतो. २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चाळीस आर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात शेकडा दहा. परंतु नकाशात सुटलेली जागा सात-बाऱ्यावर सुटतेच असे नाही. ती मूळ मालकाच्याच नावे राहते, हस्तांतराचा कागद राहून जातो, मधल्या काळात एखाद्या निधीतून तेथे फाटक आणि झुले बसतात, समारंभ होतो, कोनशिला लागते; आणि पुढे साखळी तुटली की कळते की झुला एकाचा, जमीन दुसऱ्याची, निधी तिसऱ्याचा, आणि दुरुस्ती कोणाचीच नाही. अर्जावर शेरा पडतो: ‘जागेच्या मालकीबाबत खातरजमा करून सादर करावे.’ या एका वाक्यात तो झुला उरलेले आयुष्य काढतो. लेकरे त्याला आपल्यापरीने दुसरा अर्थ देतात; लोंबणाऱ्या एका साखळीला धरून गरगर फिरतात.

समजा, जागा निर्विवाद आहे. मग दुसरा प्रश्न: हा झुला कोणत्या नोंदवहीत आहे? कचेरीतली खुर्ची क्रमांकाने ओळखली जाते, तिचा जडवस्तू संग्रहात पत्ता असतो, ती मोडली तर निर्लेखनाची कार्यवाही होते. बागेतल्या बाकावर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, क्रमांक नसतो. ज्या वस्तूची दप्तरी नोंद नाही तिच्या दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात यावी कोठून? केंद्राच्या अमृत योजनेने २०१५पासून निवडक ५०० शहरांत, ज्यांत चंद्रपूरही आले, प्रकल्पखर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हिरव्या जागांसाठी ठेवण्याची मुभा दिली, आणि तिच्यातून पुष्कळ ठिकाणी बागा झाल्या. बाग करण्याचे पैसे वरून येतात, बाग राखण्याचे खालून काढावे लागतात. हा विकार आपलाच नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली वारसा निधीने केलेल्या पाहणीत शेकडा ९२ उद्यान-व्यवस्थापकांनी मागील तीन वर्षांत आपल्या खात्याची रक्कम कमी झाल्याचे सांगितले होते. सार्वजनिक उद्यानाची कल्पनाच ज्या देशाने जगाला शिकविली त्याची ही अवस्था, तर चंद्रपूर जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो आणि आठ दिवस मोटर बंद पडली की तीन वर्षांची हिरवळ जळून जाते, तेथे ‘मंजुरीस्तव सादर’ या शब्दांचा अर्थ झाडांच्या बाबतीत काय होतो, ते सांगावयास नको.

आता फिर्यादीची साधने पाहू. ती अलीकडच्या तीस वर्षांत विलक्षण वाढली. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९९६ साली बिनतातडीच्या तक्रारींसाठी ३११ हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला, न्यूयॉर्कने २००३ साली तो उचलला. इंग्लंडात २००७ साली एका स्वयंसेवी संस्थेने, नकाशावर बोट ठेवून खड्डा किंवा कचरा दाखवावा आणि तक्रार आपोआप योग्य त्या नगरसंस्थेकडे जावी, अशी सोय उभी केली. मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे, आणि प्रजा फाउंडेशन या संस्थेने महानगरपालिकेकडे आलेल्या तक्रारींची वार्षिक मोजदाद प्रसिद्ध करण्याचा जो परिपाठ ठेवला, तो मला या सर्वांहून मोलाचा वाटतो. कारण तक्रार दाखल होणे आणि तक्रारींचा हिशेब होणे या भिन्न गोष्टी आहेत. जिल्ह्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो, ‘आपले सरकार’वर गाऱ्हाणे मांडता येते आणि त्याला एकवीस दिवसांची मुदत सांगितलेली असते, दफ्तरदिरंगाईच्या २००५च्या अधिनियमाने शासकीय मेजावर कागद सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक थांबू नये असे म्हटले आहे, आणि काहीच न चालले तर दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीचा अधिकार आहेच.

केंद्र सरकारचे ‘स्वच्छता’ नावाचे अ‍ॅप २०१६च्या सुमारास आले, त्याच वर्षी ७३ शहरांचे पहिले स्वच्छ सर्वेक्षण झाले, आणि पुढे त्या अ‍ॅपवरील तक्रारींच्या निवारणाला सर्वेक्षणात गुण मिळू लागले. या अ‍ॅपची मूळ वर्गवारी पाहण्यासारखी आहे: कचऱ्याचा ढीग, मेलेले जनावर, न रिकामी केलेली कुंडी, न झाडलेला रस्ता, न आलेली घंटागाडी, तुंबलेले सार्वजनिक शौचालय. या सर्वांना कप्पे होते. तुटलेल्या झुल्याला, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला, वाळलेल्या झाडाला नव्हता. ज्याला कप्पा नाही ते नागरिकाच्या बोलण्यातूनही हळूहळू नाहीसे होते, ही गोष्ट या साधनांच्या पुरस्कर्त्यांनी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. शिवाय गुणांच्या शर्यतीत तक्रार ‘निकाली’ काढण्याची घाई सुटते, आणि निकाली काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ढीग बागेच्या कुंपणाबाहेर सारणे. छायाचित्रात तेवढी चौकट स्वच्छ येते.

बागेतील पालापाचोळ्याचे असेच आहे. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांत स्थानिक संस्थेने बागांमधला कचरा वेगळा गोळा करावा आणि शक्यतो बागेतच त्याचे खत करावे, असे स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात पाने कोपऱ्यात लोटून काडी लावण्याची रीत चालूच राहिली. धूर दिसतो, फिर्याद होत नाही. कारण पाचोळा जाळणे हे आपल्या मनाला स्वच्छताच वाटते.

फिर्याद करतो कोण, हे पाहिले म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. बॉस्टन शहरात डॅनियल ओब्रायन यांनी तेथील तक्रारींचा अभ्यास करून २०१८ साली जो ग्रंथ लिहिला, त्याचा एक निष्कर्ष असा की बहुतेक माणसे स्वतःच्या घराच्या अवतीभवतीच्याच गोष्टींची वर्दी देतात. आपला उंबरठा जेथवर पोचतो असे त्यांना वाटते, तेथवर त्यांची नजर राखणदाराची असते. बागेची अडचण येथेच आहे. ती सर्वांच्या घरापासून थोडी दूर असते, म्हणजे ती कोणाच्याच अंगणात नसते. झुल्यावर बसणारे मूल अर्ज लिहीत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यामुळे बागेत जाणे सोडलेली बाई अर्ज करीत नाही, ती दुसरीला सांगते आणि दोघी रस्त्याने फिरू लागतात. अर्ज लिहितो तो बहुधा सेवानिवृत्त गृहस्थ, आणि कचेरीत त्याला ‘अर्ज-मास्तर’ असे नाव पडते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे मांडले की संस्था बिघडली की माणसासमोर दोन वाटा असतात, एक बोलण्याची आणि एक निघून जाण्याची. आणि ज्यांचे बोलणे सर्वांत परिणामकारक ठरले असते, तेच बहुधा सर्वांआधी निघून जातात. गडचांदुरासारख्या गावात याचा प्रत्यय घ्यायला पुस्तक उघडावे लागत नाही. ज्यांची वसाहतीत ओळख आहे ते भिंतीआडच्या बागेत जातात. ज्यांच्याजवळ गाडी आहे ते रविवारी चंद्रपूर गाठतात किंवा बल्लारपूरजवळ विसापूरला नवे वनस्पती उद्यान झाले आहे ते पाहून येतात. उरतात ते, ज्यांचा आवाज कचेरीपर्यंत जात नाही.

आणि एकदा बिघाड दिसू लागला की तो वाढतो. नेदरलँडमधील ग्रोनिंगन गावी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उभ्या केलेल्या सायकलींच्या मुठींना जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले. मागची भिंत स्वच्छ असताना शेकडा ३३ जणांनी कागद तेथेच टाकला, आणि त्याच भिंतीवर रेघोट्या ओढलेल्या असताना शेकडा ६९ जणांनी. माणसे तीच, कागद तोच. तेव्हा मोडतोड आणि कचरा हे दोन वर्ग मी वर वेगळे केले असले तरी भूमीवर ते एकमेकांना खतपाणी घालतात, आणि मोडका बाक दुरुस्त करणे हा पन्न्या कमी करण्याचाही एक उपाय ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यात यात आणखी एक गुंता होता. १ एप्रिल २०१५ पासून २०२१पर्यंत जिल्ह्यात दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत बागेच्या कोपऱ्यात पडलेली रिकामी बाटली हा कचरा राहिला नव्हता, तो गुन्ह्याचा पुरावा झाला होता, आणि पुराव्याची वर्दी देऊन साक्षीदार होण्याची हौस कोणाला असणार? बंदी उठली, बाटल्या पुन्हा नुसता कचरा झाल्या. न बोलण्याची सवय तेवढी मागे राहिली असावी.

फिर्यादीने काम होत नाही तेव्हा आपल्या समाजात दोन जुने मार्ग चोखाळले जातात, श्रमदान आणि सत्याग्रह. आणि चंद्रपूर शहराने गेल्या दशकात दोन्ही पाहिले. गोंड राजांच्या वेळचा सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा परकोट, त्याचे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, झाडाझुडपांनी आणि केरकचऱ्याने वेढून गेला होता. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०१७ पासून तो स्वच्छ करावयास घेतला, आणि दोनशेहून अधिक दिवस रोज सकाळी हे काम चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. पुढे २०२१च्या फेब्रुवारीत शहराच्या मध्यावरील रामाळा तलावाच्या संवर्धनासाठी धोतरे यांनी अन्नत्याग केला. या प्रयत्नांविषयी मला नितांत आदर आहे, आणि तरीही एक शंका नोंदवावीशी वाटते. गाडगे महाराजांनी गावात शिरताच खराटा हाती घेतला तो गावकऱ्यांना लाज वाटावी म्हणून. गावकऱ्याची लाज जागी झाली की खराटा त्याच्या हाती द्यावयाचा, हा त्यातला डाव होता. आजच्या श्रमदानात लाज वाटणारा पक्षच जागेवर नसतो. तरुण केर काढतात, कचेरी त्यांना प्रशस्तिपत्र देते, आणि ज्याने तो केर काढावयाचा होता त्याचे पद रिक्तच राहते.

पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराचे स्मरण येथे होते. हिंदुस्थानातील कितीतरी शहरांची त्याने पाहणी केली, नागपूरही त्यांत होते, आणि १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचा तो पहिला प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदुरात, प्लेगच्या दिवसांत, त्याने दिवाळीची मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या असतील, त्यांतूनच मिरवणूक जाईल. गाव झडझडून कामाला लागले. त्या मिरवणुकीत झाडूवाल्यांना शुभ्र पोशाख आणि फुले देऊन मानाने चालविले होते, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गेडीसने लोकांकडून तक्रारी मागविल्या नाहीत. ज्याला केर दिसतो आणि जो तो उचलतो, त्याला त्याने गावासमोर उभे केले.

आपल्याकडे नेमका हाच माणूस बागेतून गेला आहे. पूर्वीच्या नगरपालिकेचा माळी पगाराने लहान आणि अधिकाराने त्याहून लहान होता. पण सकाळी सहाला तो बागेत असे, कोणता नळ गळतो, कोणत्या बाकाचा पाय हलतो, कोणते पोर रोज फांदीला लोंबते, हे त्याला ठाऊक असे, आणि तो पोराला दटावी व साहेबाला सांगे. फिर्याद होण्याआधीच वर्दी पोचलेली असे. मग माळ्याची जागा कंत्राटाने घेतली. कंत्राटदाराची माणसे आठवड्यातून दोनदा येतात, गवत कापतात, निघून जातात. झुला त्यांच्या कामाच्या यादीत नसतो, म्हणून तो त्यांना दिसतही नाही. आज नागरिकाकडून जी अपेक्षा आपण करतो, की त्याने पाहावे, छायाचित्र काढावे, वर्दी द्यावी, पाठपुरावा करावा, ती वास्तविक माळ्याची नोकरी आहे, बिनपगारी आणि बिनअधिकाराची. अ‍ॅप हे माळ्याच्या मदतीला आले असते तर उत्तम. ते माळ्याच्या ऐवजी आले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००३ साली एक ठराव मंजूर करून आपल्या उद्यानांच्या देखभालीचे मापदंड लिहून काढणे, त्यांप्रमाणे नियमित तपासणी करणे आणि तिचे निकाल प्रसिद्ध करणे शहरावर बंधनकारक केले. त्याचा मथितार्थ एवढाच की नागरिकाने ओरडण्याची वाट न पाहता कचेरीने स्वतः जाऊन पाहावे, आणि पाहिलेले लपवू नये. आमच्या गावांना असले मोठे तंत्र परवडणार नाही असे कोणी म्हणेल. तर मग छोटे पाहू. बागेतील प्रत्येक बाक, झुला, दिवा आणि झाड यांवर रंगाने क्रमांक घालावा, तेच क्रमांक कचेरीतल्या एका वहीत उतरवावेत, फाटकावर जागेचा ताबा कोणाचा आणि देखभाल कोणाकडे हे दोन ओळींत लिहावे, आणि चार बागांमागे एक माळी नेमून महिन्यातून एकदा ती वही त्याच्याकडून भरून घ्यावी. एक रंगारी आणि दोनशे पानांची एक वही एवढे त्याचे साहित्य आहे. ज्या दिवशी ‘बाक क्रमांक ७’ असे लिहून अर्ज देता येईल, त्या दिवशी बारनिशीच्या कारकुनाची मुद्रा कशी होते, ते पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

उद्यान हा शब्द आपण नगराच्या बागेला लावतो तसाच ताडोब्यालाही लावतो. १९५५ साली ते राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे ताब्याचा प्रश्न नाही, पाहणारा वनरक्षक आहे, प्लास्टिकला मज्जाव आहे. तरी २०२४च्या फेब्रुवारीत एक दृश्य देशभर फिरले: ताडोब्याच्या बफर क्षेत्रात, रामदेगीच्या परिसरात, एक वाघ पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून निघाला आहे. रामदेगीच्या याच अरण्यात तुकडोजी महाराजांनी तपश्चर्या केली, ज्यांनी पुढे ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला एक स्वतंत्र अध्याय दिला. त्या चित्राने लाखो माणसे हळहळली, वृत्तपत्रे भरली, चौकशीची भाषा झाली. गावातल्या बागेतील बाटली कोणी वाघ उचलत नाही, म्हणून तिचे चित्रही निघत नाही.

गडचांदूरच्या लोकांची खरी बाग विचाराल तर ती कोणत्याच लेआऊटमध्ये नाही. ती गावाजवळच्या अमलनाला जलाशयावर आहे. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की रविवारी माणसांची रीघ लागते, लेकरे पाण्यात शिरतात, कणसे भाजली जातात, चिवड्याच्या पिशव्या फुटतात. जलाशय पाटबंधाऱ्याचा, डोंगर वनखात्याचा, रस्त्याची आणि गावाची हद्द पुन्हा वेगळी. ‘प्रति’ या शब्दापुढे कोणाचे नाव घालावे, हे तेथे पोचलेल्या माणसाला सांगता येणार नाही. सोमवारी सकाळी भंगार वेचणाऱ्या दोन-तीन बाया पोती घेऊन येतात. पाण्याच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, पत्र्याचे डबे त्या वेचून नेतात, कारण गडचांदूरच्या भंगारवाल्याकडे त्यांना किलोचा भाव मिळतो. खर्ऱ्याच्या पन्न्या तेवढ्या गवतात राहतात, आणि पुढच्या पावसात सांडव्याबरोबर खाली जातात.